पियानोच्या परीक्षेची पाचवी ग्रेड झाली आहे, सर नको म्हणतात, तरी रशियन संगीतकार रखमानिनॉफचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) सुरू करू का?

नका करू. सर बरोबर आहेत. का ते सांगतो, थोडं लांबेल.

मी रावेरचा, घरी केळी. दादाने एका दिवाळीला पुण्याहून 61 कीचा कॅसिओ आणून दिला आणि मी दर रविवारी पॅसेंजरने भुसावळला सरांकडे जायला लागलो. सर रेल्वेतून रिटायर झालेले, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. घरी एक जुना अपराईट, म्हणजे उभा पियानो होता, मे महिन्यात 45 डिग्रीला त्याचे सूर असे उतरायचे की सर स्वतःच त्यावर झाकण टाकून ठेवायचे, ट्यूनर मुंबईहून यायचा तो वर्षातनं एकदा.

तीन वर्षांत पाचवी ग्रेड पास झालो आणि डोक्यात हवा गेली. यूट्यूबवर हाच रखमानिनॉफचा दुसरा, म्हणजे 'रॅक 2', ऐकला. सुरुवातीला एकटा पियानो, आठ बार (तालाची आवर्तनं) नुसते कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले सूर, लांबची घंटा जवळ जवळ येत जाते तसे. हळू तर आहे, यात काय अवघड, असं वाटलं. तुम्हालाही हेच वाटलंय, लिहून देतो. सर म्हणाले मोझार्ट घे, मी म्हटलं मोझार्ट लहान पोरांचं. ते काही बोलले नाहीत, चहा ठेवायला आत गेले.

आता त्या आठ बारचं ऐका. डावा हात एफ या सुरापासून थेट वरच्या सप्तकातल्या ए फ्लॅटपर्यंत जातो, जवळपास दहा पांढऱ्या पट्ट्या. रखमानिनॉफच्या पंजात बारा बसायच्या म्हणतात, माझ्यात आठ, ओढूनताणून नऊ. ते ठीक आहे, मोठमोठे लोकही तिथे कॉर्ड फोडून, म्हणजे सूर एकामागून एक, वाजवतात. पण प्रत्येक कॉर्डनंतर एक खोल एफ मारायचा असतो, तीच ती घंटा, आणि तो एफ 61 कीच्या बोर्डावर नाहीच! बोर्ड सी ला संपतो, एफ त्याच्या अजून चार पांढऱ्या पट्ट्या खाली. मग मी काय करायचो, करंगळी डाव्या कडेच्या प्लास्टिकवर आपटायचो. ठक्. कॉर्ड, ठक्, कॉर्ड, ठक्. दोन महिन्यांत तिथली चकाकी गेली, तो डाग आजही आहे. (सगळा बोर्ड एक सप्तक खाली नेणारं ऑक्टेव्ह शिफ्टचं बटण असतं हे मला वर्षभराने कळलं, हसू नका.)

आठ बार संपले की पियानोकडे नुसते पळणारे अर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक), मुख्य चाल असते व्हायोलिन आणि क्लॅरिनेटकडे. म्हणजे घरी एकटे बसून तुम्ही जे घासता ती साथ आहे, गाणं दुसरंच कोणी म्हणणार. आई कणिक मळता मळता विचारायची, "काय वाजवून राहिला रे एवढा वेळ? यात गाणं कुठंय?" मला राग यायचा. तिचं शंभर टक्के बरोबर होतं.

सहा महिने हे केलं. सर अपराईटवर ऑर्केस्ट्राचा भाग वाजवायचे आणि मी अडलो की थांबायचे, मी सापडलो की पुढे जायचे, इतकं गुपचूप की मला वाटायचं मीच टेम्पोत आहे. मग जळगावच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला नाव दिलं. तिथे सर नव्हते, ऑर्केस्ट्राचं रेकॉर्डिंग असलेला पेनड्राइव्ह होता. पेनड्राइव्ह कोणासाठी थांबत नाही. दुसऱ्या पानावर मी चुकलो, एक बार मागे राहिलो, मग दोन, मग कुठे आहे तेच कळेना, हात वर घेऊन बसलो आणि ऑर्केस्ट्रा आपला मस्त एकटाच चाललाय. साउंडवाला माइकजवळूनच म्हणाला, "भो, चालू ठेवू का बंद करू?" पूर्ण हॉलने ऐकलं. पुढे दीड वर्ष मी कुठेही वाजवलं नाही.

आमचा दादा अजून प्रत्येक दिवाळीला म्हणतो की सरांनी तुला मागे ठेवलं, यूट्यूबवर सात-आठ वर्षांची पोरं काय काय वाजवतात बघ. अरे पण त्या पोरांचे रोज किती तास जातात, घरी कोणता पियानो आहे, हे व्हिडिओत दिसतं का? आणि सरांनी मला अडवलं कुठे, सहा महिने साथच केली ना माझ्या मूर्खपणाला! उलट अडवलं असतं तर बरं झालं असतं. केळीला घड मोठा लागला आणि टेकू नसला तर एका वावटळीत झाड आडवं होतं, हे दादाला शेतात कळतं, माझ्या बाबतीत कळत नाही.

बरं, तुमचं. कॉन्चेर्टोच पाहिजे असेल तर हायडनचा डी मेजर घ्या, किंवा मोझार्टचा के. 414 (हा त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), पण तोही सोपा समजू नका, मोझार्टमध्ये चूक लपवायला जागा नसते, रखमानिनॉफमध्ये निदान पेडलखाली लोटता येते. काबालेव्स्कीचा तिसरा आहे, 1952 चा, मुद्दाम तरुण वादकांसाठी लिहिलेला. मला विचाराल तर शोस्ताकोविचच्या दुसऱ्याचा फक्त मधला संथ भाग. 1957 चा आहे, मुलगा माक्सिमसाठी लिहिला होता. चाल पियानोकडेच आहे, आईलाही ऐकू येईल. मात्र तीनवर दोन (एका हातात तीन सूर, तेवढ्याच वेळात दुसऱ्यात दोन) नीट बसत नसेल तर आधी ते बसवा. आणि साथीला माणूस शोधा, ट्रॅक नको.

एक मात्र कबूल करतो. त्या सहा महिन्यांत मी रोज चार तास बसायचो, लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर, आणि इतका परत कधीच बसलो नाही. मोझार्टसाठी तर नाहीच. तेव्हा अगदीच राहवत नसेल तर पहिलं पान घरापुरतं वाजवा, कोण अडवतंय. सरांना सांगून वाजवा फक्त.

आणि हो, तुमचा कीबोर्ड किती कीचा आहे ते लिहिलंच नाही तुम्ही. 61 चा असेल तर ते बटण आत्ताच शोधून ठेवा.