वस्तीप्रमुखांची सही आणि वस्तीचा सहभाग

पीएच.डी.चे आराखडे सादर करण्याचे दिवस आले की निर्वासितांचे पुनर्वसन, बहुसांस्कृतिकता आणि लोकसहभाग या विषयांवर तेच ते प्रश्न पुन्हा येतात. त्यांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : उल्हासनगरमधील सिंधी कुटुंबांचा अभ्यास निर्वासित म्हणून करता येईल का?

उत्तर : फाळणीनंतरच्या पुनर्वसनाचा इतिहास म्हणून अवश्य करावा, मात्र आज ते सर्वार्थाने भारताचे नागरिक आहेत. कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बराकींत वसलेल्या या वस्तीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या बराकी आठवणारी माणसे आता थोडीच उरली आहेत, तेव्हा मुलाखती पुढच्या वर्षावर ढकलू नयेत.

प्रश्न : भारतात जन्मलेले सगळे तिबेटी आपोआप भारतीय नागरिक असतात, असे ऐकले. खरे का?

उत्तर : सगळे नाहीत. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीपर्यंत भारतात जन्मलेल्यांना कायद्याने जन्मतः नागरिकत्व आहे. त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत आई किंवा वडील भारतीय असावे लागतात, आणि डिसेंबर २००४ पासून अटी आणखी कडक झाल्या आहेत. ऐकीव माहितीवर प्रबंधातले प्रकरण उभे करू नये. विधी विभागातील प्राध्यापकांकडून ते तपासून घ्यावे.

प्रश्न : एक संस्था शुल्क घेऊन बहुसांस्कृतिकतेची तयार प्रश्नावली आणि शोधनिबंधाच्या प्रकाशनाची हमी देते. घ्यावी का?

उत्तर : घेऊ नये. जेथे प्रकाशनाची हमी पैसे देऊन मिळते, तेथे निबंध कोणी वाचत नाही. माझ्यासमोर आलेल्या अशाच एका प्रश्नावलीत कॅनडाच्या जागी भारत एवढाच बदल केलेला होता. कॅनडाने १९७१ मध्ये बहुसांस्कृतिकता हे सरकारी धोरण म्हणून स्वीकारले आणि १९८८ मध्ये त्याचा कायदा केला. तेथे पुनर्वसित निर्वासितापुढे नागरिकत्वाची वाट खुली असते. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सहीच न केलेल्या भारतात, तिबेटींना येथे राहण्यासाठी मिळणाऱ्या नोंदणी प्रमाणपत्राचे वेळोवेळी नूतनीकरण करून राहणाऱ्या माणसाला तेच प्रश्न विचारून काय हाती लागणार?

प्रश्न : गोंदिया जिल्ह्यातील नॉर्ग्येलिंग या तिबेटी वस्तीत डिसेंबरमध्ये सर्वेक्षण करून लोकसहभाग मोजायचा आहे. वस्तीप्रमुखांची लेखी परवानगी मिळाली आहे. ती पुरेशी आहे ना?

उत्तर : ती आत जाण्याची परवानगी झाली, घराघरांतल्या माणसांची संमती प्रत्येकाकडून, त्याला समजेल अशा भाषेत, वेगळी घ्यावी लागते, आणि नकार दिला तरी कोणी जाब विचारणार नाही याची खात्री त्याला वाटली पाहिजे. दुभाषा वस्तीप्रमुखांच्याच नात्यातला असेल, तर कारभाराविषयीच्या तक्रारी तुमच्यापर्यंत येणार नाहीत. दुसरे म्हणजे महिना चुकला आहे. हिवाळ्यात तिबेटी वस्त्यांतील कामाच्या वयाची बरीच माणसे शहरोशहरी स्वेटर विकायला गेलेली असतात, त्यामुळे घरी भेटतात ते मुख्यतः म्हातारे आणि मुले. आणि मग प्रबंधात ठोकून दिले जाते की तरुण पिढीचा सहभाग क्षीण आहे! लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टाईन यांनी १९६९ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात माहिती देणे आणि मत विचारणे या मधल्या, देखाव्याच्या पायऱ्या आहेत. निर्णयात खरा वाटा वरच्या तीन पायऱ्यांवरच मिळतो. बैठकीला किती डोकी होती हे मोजून ही शिडी चढता येत नाही. काय विचारायचे, कोणाला विचारायचे आणि निष्कर्ष आधी कोणाला दाखवायचे, हे वस्तीतील लोकांशी बोलून ठरवले, तरच आराखड्यात सहभाग हा शब्द लिहावा. नोंदणी प्रमाणपत्राचा फोटो मोबाइलमध्ये घेऊ नये, कोणी आपणहून पुढे केले तरी. हे सारे मार्गदर्शकांशी आणि संशोधन नैतिकता समितीशी आधी बोलून घ्यावे.

प्रश्न : समितीची मान्यता मुलाखती झाल्यावर घेतली तर चालेल का?

उत्तर : नाही.

प्रश्न : दिल्लीतील एका अफगाण कुटुंबाने मुलाखतीत सांगितले की, तिसऱ्या देशात, म्हणजे मायदेश आणि भारत सोडून अन्य देशात, पुनर्वसन करून देतो म्हणून एक दलाल पैसे मागत आहे. मी काय करावे?

उत्तर : संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था पुनर्वसनासाठी कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेत नाही, हे त्यांना आजच सांगावे. जगभरातील निर्वासितांपैकी वर्षाला एक टक्क्याहूनही कमी लोकांना अशी संधी मिळते, आणि याच टंचाईवर दलालांचा धंदा चालतो. स्वतः सल्लागार होऊ नये. त्या कुटुंबाला संस्थेच्या दिल्ली कार्यालयाशी किंवा विधी सेवा देणाऱ्या वकिलाशी जोडून द्यावे आणि मार्गदर्शकांना त्याच दिवशी कळवावे. हा प्रसंग प्रबंधात घ्यायचा की नाही, हे त्या कुटुंबाला विचारल्यावाचून ठरवू नये.