पाणी खालून, अन्न वरून: कुंडीतल्या जिवंत मातीबद्दल वाचकांचे प्रश्न

तळाशी पाण्याची टाकी असलेली कुंडी आणि तिच्यात रासायनिक खताशिवाय पोसलेली जिवंत माती, या विषयावर बरीच पत्रं आली आहेत. रचना थोडक्यात सांगायची तर कुंडीच्या तळात पाणी, त्यावर जाळी, जाळीवर माती. मातीचा एक खांब जाळीतून खाली पाण्यात उतरलेला असतो. समईतली वात तेल वर ओढते, तसा हा खांब पाणी ओढतो, म्हणून त्याला आम्ही वातच म्हणतो. बहुतेक पत्रांतल्या तक्रारींचं मूळ एकच निघालं: या कुंडीत पाणी वर चढतं, खाली झिरपत नाही. नेहमीच्या कुंडीची सवय इथे चालवली की गडबड होते.

प्रश्न (डोंबिवली): बाजारातली तयार कुंडी महाग पडते. रंगाच्या बादलीत घरी करता येईल का? मापं सांगा.

उत्तर: नक्की येईल. पाण्यात मिसळणाऱ्या रंगाची 20 लिटरची बादली घ्या, ऑइल पेंटची नको. ती घासून, धुऊन दोन दिवस उन्हात ठेवा. बादलीचं झाकण तळाच्या मापाने गोल कापा, म्हणजे जाळी झाली. तिला 5-6 मिलिमीटरची तीस-चाळीस भोकं पाडा आणि मधोमध 3 इंची पीव्हीसी पाइप बसेल एवढं मोठं भोक ठेवा. त्या पाइपाचा 10 सेंटिमीटरचा तुकडा ही वातीची नळी. तिलाही चहूबाजूंनी भोकं हवीत. जाळीला आधार म्हणून त्याच उंचीचे आणखी तीन-चार तुकडे तळात उभे करा. कडेला 1 इंची पाइप उभा घालायचा, तो पाणी भरण्यासाठी. त्याचं खालचं टोक तिरकं कापा. सरळ कापलं तर ते तळावर चपखल बसतं आणि पाणी उतरतच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं भोक. बादलीच्या बाहेरून, तळापासून 8 सेंटिमीटरवर, 8-10 मिलिमीटरचं एक आणि समोरच्या बाजूला तसंच दुसरं. जास्तीचं पाणी इथून बाहेर पडतं. जाळी 10 सेंटिमीटरवर आणि भोक 8 वर, म्हणजे मध्ये 2 सेंटिमीटर हवा उरते. ही हवा मुळांसाठी आहे, तिची जागा कमी करू नका. भोक जाळीच्या वर गेलं तर मातीचा तळ कायम बुडालेला राहतो आणि मुळं कुजतात. या मापात टाकीत साधारण 4 लिटर पाणी आणि वर 15 लिटर माती बसते.

वातीत तीन भाग भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग जाड रेती घाला, बोटांनी दाबून. मध्ये पोकळी राहिली की पाणी तिथेच अडतं. वातीत शेणखत, गांडूळखत किंवा पेंड अजिबात नको. ती सतत पाण्यात असते, खत तिथे सडतं.

प्रश्न (सांगली): आमच्याकडची काळी माती कसदार आहे. तीच भरली तर?

उत्तर: शेतात कसदार, या कुंडीत घातक. काळी माती पाणी प्यायली की फुगते, तिच्यातली हवेची छिद्रं बुजतात आणि सुकली की भेगाळते. भेगेतून पाणी चढत नाही. जिवंत मातीसाठी घेतली तर एकूण मिश्रणाच्या दहाव्या भागापुरती, जिवाणूंचं विरजण म्हणून.

प्रश्न (पुणे): इंटरनेटवर जिवंत मातीच्या ज्या कृती मिळतात त्या बहुतेक घरात गांजा वाढवणाऱ्या परदेशी लोकांच्या आहेत. त्यात खेकड्याच्या कवचाची पूड, केल्प (समुद्री शेवाळ) असलं काय काय असतं. भाजीला ती प्रमाणं चालतात का? इथे काय वापरावं?

उत्तर: अमेरिका-कॅनडात या पद्धतीचा बोलबाला गांजामुळे झाला हे खरं. आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने विनापरवाना गांजाची लागवड हा गुन्हा आहे, मग ती एका कुंडीत का असेना. पण एक भाग ओलावा धरणारं, एक भाग हवा खेळवणारं आणि एक भाग चांगलं खत, हा त्या कृतींचा सांगाडा टोमॅटो, मिरची, वांगं या खादाड भाज्यांना तंतोतंत लागू पडतो.

दोन बादल्यांसाठी, म्हणजे 30 लिटर मिश्रणासाठी: फुगवलेलं कोकोपीट 10 लिटर, चाळलेलं गांडूळखत 10 लिटर आणि हवेसाठी 10 लिटर भाताचं जळकं तूस किंवा परलाइट (खडक फुगवून केलेले हलके पांढरे दाणे). दोन्ही मिळालं नाही तर विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे. त्यात निंबोळी पेंड 100 ग्रॅम, हाडांचा चुरा 60 ग्रॅम, समुद्री शेवाळाचं दाणेदार खत 50 ग्रॅम, जिप्सम 30 ग्रॅम. खेकड्याच्या पुडीचं कॅल्शियम इथे जिप्सम आणि हाडांच्या चुऱ्यातून मिळतं. वर वड-पिंपळासारख्या जुन्या झाडाखालची पालापाचोळ्यातली दोन मुठी माती. अंड्याची कवचं घातली तर पीठ करून घाला, तुकडे वर्षानुवर्षं तसेच राहतात.

कोकोपीटची वीट आधी धुवा. 5 किलोच्या विटेचं भिजून 60-70 लिटर होतं. पण नारळाच्या काथ्यात मीठ असतं, म्हणून भिजवा, पिळा, पाणी टाका, असं तीनदा करा. या कुंडीत ते मीठ आपोआप खाली वाहून जायला वाटच नसते.

मिश्रण झालं की लगेच रोप लावू नका. मूठ दाबल्यावर गोळा व्हावा आणि फार तर एक-दोन थेंब पडावेत इतकं ओलं करून, गोणपाट झाकून सावलीत तीन ते चार आठवडे ठेवा आणि आठवड्यातून एकदा खालवर करा. पेंड कुजताना माती तापते आणि अमोनिया सुटतो, कोवळी मुळं त्यात जळतात. हात घातल्यावर गार लागली आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला की तयार.

कोल्हापूरचे शेतीप्रयोगकार श्री. अ. दाभोलकर यांनी आणि प्रयोग परिवार या त्यांच्या शेतकरी-गटाने पालापाचोळ्यातून माती घडवण्यावर आयुष्यभर जो भर दिला, त्याची इथे आठवण होते. मातीवर कायम 3-4 सेंटिमीटर सुक्या पानांचं आच्छादन हवं. काही आठवड्यांनी ते उचलून पाहा. खालच्या पानांच्या शिरा तेवढ्या उरलेल्या, मधला भाग जाळीदार झालेला आणि पांढरे तंतू मातीत उतरताना दिसले, तर तुमची माती जिवंत आहे. ते तंतू उपयोगी बुरशीचे असतात, रोग समजून खरवडू नका.

प्रश्न (कल्याण): टाकी भरलेली आहे, तरी रोप कोमेजतं. असं का?

उत्तर: दोन शक्यता. रोप नवीन असेल तर मुळं अजून ओलाव्यापर्यंत पोचली नाहीत. लावल्यापासून दोन ते तीन आठवडे वरूनच थोडं थोडं पाणी द्यायचं. दुसरी शक्यता, मध्यंतरी टाकी कोरडी पडून वात पूर्ण सुकली. सुकलेलं कोकोपीट पाणी झिडकारतं, मग टाकी कितीही भरा, पाणी वर चढत नाही. वरून हळूहळू पाणी घाला, भोकातून बाहेर येईपर्यंत, आणि तासाभराने पुन्हा. ओलाव्याचा धागा जुळला की वात आपोआप काम सुरू करते.

मातीची उंचीही मोजा. जाळीच्या वर 25 ते 30 सेंटिमीटर, त्याहून जास्त नको. उंच ड्रममध्ये वरचा थर कोरडाच राहतो.

प्रश्न (रत्नागिरी): पाणी भरण्याच्या नळीतून सडक्या अंड्यासारखा वास येतो. आम्ही दर आठवड्याला तिच्यातूनच जीवामृत घालतो.

उत्तर: तिथेच चुकतंय. जीवामृतात गूळ, बेसन आणि शेण. बंद टाकीतल्या पाण्यात त्यावर जिवाणू तुटून पडतात, पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मग हवेविना जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तो हा वास. नळीतून फक्त साधं पाणी जाईल, दुसरं काहीही नाही. ताक नको, तांदळाचं धुवण नको, केळीच्या सालीचं पाणी तर नकोच.

बादली कलती करून टाकी रिकामी करा, साध्या पाण्याने दोनदा खळबळा आणि दोन दिवस कोरडी राहू द्या. जीवामृत थांबवायची गरज नाही. दहा लिटरसाठी शेण 500 ग्रॅम, गोमूत्र अर्धा लिटर, गूळ 100 ग्रॅम, बेसन 100 ग्रॅम, मूठभर माती. सावलीत दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ ढवळून. गाळून दहापट पाणी घाला आणि कुंडीला पाव लिटर, आच्छादन बाजूला सारून मातीवर. भोकातून बाहेर पडेल इतकं देऊ नका. एरवी महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत आणि एक चमचा निंबोळी पेंड वर पसरली की पुरे.

प्रश्न (पिंपरी): बोअरचं पाणी वापरतो. मातीवर पांढरी पापडी जमते, पानांच्या कडा करपतात.

उत्तर: ते क्षार आहेत. पाणी खालून येतं, वरून उडून जातं, क्षार मागे राहतात. पापडी चमच्याने खरवडून फेका, मातीत मिसळू नका. दीड महिन्यातून एकदा वरून पाच-सहा लिटर पाणी सावकाश ओता, भोकातून वाहू द्या आणि टाकीत साठलेलं तेच पाणी लगेच ओतून टाका, नाहीतर ते क्षार पुन्हा वर चढतील. पावसाळ्यात चार दिवस कुंडी उघड्यावर ठेवली तर हे काम पाऊस करून देतो. आच्छादन असेल तर पापडी धरण्याचा वेगही कमी होतो.

प्रश्न (मुंबई, गोरेगाव): टाकीत डास होतात का? सोसायटीने कुंड्या काढायला सांगितल्या आहेत.

उत्तर: सोसायटीची काळजी रास्त आहे. डेंगी पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. भरण्याच्या नळीला घट्ट टोपण, दोन्ही भोकांना मच्छरदाणीचा तुकडा आतून चिकटवलेला, एवढं नसेल तर ही कुंडी ठेवूच नका. मच्छरदाणीचे तुकडे फाटले नाहीत ना हे दर आठवड्याला पाहा. पावसाळ्यात तशीही एकदा पाणी संपल्यावर पुन्हा भरण्याआधी टाकी एक-दोन दिवस पूर्ण रिकामी राहू द्या. मुळांनाही तेव्हा हवा हवी असते.

मातीवर घिरट्या घालणारी बारीक काळी चिलटं मात्र डास नव्हेत. त्यांच्या अळ्या वरच्या ओल्या थरात असतात. वरून पाणी बंद करा, आच्छादन काढून दोन सेंटिमीटर कोरडी रेती पसरा आणि पिवळे चिकट सापळे लावा. तीन आठवड्यांत ती संपतात.

प्रश्न (ठाणे): उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस गावी जातो. तेवढे दिवस टाकी पुरेल?

उत्तर: नाही. फळं लागलेला टोमॅटो मे महिन्यात दिवसाला दोन लिटर सहज पितो, तुमची टाकी दोन दिवसांत संपेल. सगळ्या बादल्या एका पातळीवर ठेवा, तळाशी बारीक नळीने एकमेकींना जोडा आणि त्याच पातळीवर एक रिकामी बादली ठेवून तिच्यात कूलरचा बॉल व्हॉल्व्ह बसवा. पाण्याची पातळी 6-7 सेंटिमीटरवर थांबेल असा तो वाकवा आणि उंचावरच्या पिंपाला जोडा. चार झाडांना आठ दिवस म्हणजे 64 लिटर, तर पिंप 80-100 लिटरचं हवं. निघण्याआधी निदान चार दिवस चालवून बघा. गळती असेल तर ती घरी असतानाच कळलेली बरी. वजनाचाही विचार करा: भरलेली बादली 20 किलोच्या आसपास जाते आणि 100 लिटरचं पिंप 100 किलो. ते गॅलरीच्या टोकाला नको, भिंतीलगत ठेवा.

प्रश्न (टोरांटो, कॅनडा): हिवाळ्यात घरात मेथी, कोथिंबीर आणि मिरची लावायची आहे. खिडकीतला उजेड अगदीच कमी आहे.

उत्तर: पांढऱ्या एलईडी ट्यूब पुरतात, जांभळे दिवे नकोत. पानांच्या उंचीवर फोनच्या अ‍ॅपने लक्स (उजेडाचं माप) मोजा. मेथीला 15,000 लक्स, 16 तास. मिरचीला फळं हवी असतील तर 25,000 च्या पुढे, तेवढेच तास. त्यासाठी दिवे पानांपासून वीतभर अंतरावर आणावे लागतील. कोथिंबिरीला मात्र 12 तासच द्या, दिवस लांबला की ती फुलावर येते.

घरात वारा नाही, मधमाशी नाही. छोटा पंखा लावा आणि मिरचीला फुलं आली की दुपारी फांदी हलकेच टिचकीने हलवा. हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी येतात. पानाच्या मागे बारीक जाळं आणि पुढे फिकट ठिपके दिसतील. पानांची खालची बाजू पाण्याने धुवा. मग एक लिटर कोमट पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि एक-दोन मिली साधा द्रवसाबण घालून, दिवे बंद असताना फवारा. पाच दिवसांनी पुन्हा आणि नंतर आणखी एकदा.

प्रश्न (अहिल्यानगर): पीक संपलं की माती बदलायची का?

उत्तर: नाही, ती दुसऱ्या वर्षी जास्त चांगली होते. झाड उपटू नका, बुंध्याशी कापा. मुळं आत कुजतात आणि त्यांच्या पोकळ्यांतून हवा खेळते. वरून तीन लिटर गांडूळखत आणि 50 ग्रॅम निंबोळी पेंड पसरून आच्छादन घाला, दोन आठवडे थांबा. टोमॅटोनंतर मिरची किंवा वांगं नको, ती एकाच घराण्यातली आहेत. चवळी किंवा मेथी घ्या. वातीतलं कोकोपीट मात्र दोन वर्षांनी नवीन भरा, तोवर ते पिचून चिखल झालेलं असतं.