दहा मिनिटांचा हॉल्ट

"त्याला चित्रातलं काय कळतंय मॅडम, मग न्यायचं कशाला आणि सगळ्यांची बोलणी खायची कशाला?"

हा प्रश्न ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दरवर्षी चार-पाच जणी तरी विचारतात. शब्द जरा वेगळे असतात, कधी चित्रप्रदर्शन असतं कधी म्युझियम कधी नाटक, पण रडगाणं एकच, जिथे गप्प राहायचं असतं तिथे आमचं पोर गप्प राहत नाही. कुणाचं तीन वर्षांचं आहे म्हणून, कुणाचं स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेलं आहे म्हणून. आणि दरवेळी मला ऐरोलीची एक आई आठवते. तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय, मुलाला इथे चिकू म्हणूया.

चिकू तेव्हा सात वर्षांचा. ऑटिझमचं निदान लवकर झालेलं, थेरपी चालू, बोलतो पण स्वतःच्या विषयावरच बोलतो, आणि विषय एकच, रेल्वे. पहिल्या दिवशी आत आला, माझ्याकडे बघितलंही नाही, पंख्याकडे बघत म्हणाला, "सोळा एप्रिल अठराशे त्रेपन्न, बोरीबंदर ते ठाणे, साहिब सिंध सुलतान." म्हणजे आपल्या त्या पहिल्या गाडीची तीन इंजिनं. माझं अख्खं आयुष्य ठाण्यात गेलं, मला गाडीची तारीख माहीत होती, इंजिनांची नावं नव्हती.

झालं होतं असं की चिकूच्या मामाचं पहिलंच ग्रुप प्रदर्शन होतं, उद्घाटनाला सगळं घर गेलं. कुठली गॅलरी ते सांगत नाही, त्याने काही फरकही पडत नाही. संध्याकाळची वेळ, खचाखच माणसं, माईक, समई पेटवणं, फोटो. चिकूने टाळी वाजवली तर ती घुमली. मग परत वाजवली, मग ओरडून बघितलं, मग धावला, मग कुणीतरी दंड पकडला आणि मग तो जमिनीवर आडवा पडून किंचाळायला लागला. गार्ड म्हणाला बाहेर न्या. एक बाई म्हणाल्या, संस्कार नावाची गोष्टच राहिली नाही. आणि सख्खा भाऊ हातात गुच्छ घेऊन नुसता उभा. ही सगळ्यांना सॉरी म्हणत म्हणत पोराला उचलून बाहेर आली. त्यानंतर आठ महिने कुठेही गेली नव्हती, लग्न नाही, बारसं नाही, मॉल पण नाही. सासूबाई म्हणायच्या, तू जा, मी थांबते याच्याजवळ. पण एकटीने जायचं तिला जमेना.

एक सांगते. बोलणं ऐकताना मला वहीच्या कोपऱ्यात रेघा मारायची सवय आहे, एखादा शब्द परत परत आला की. त्या दिवशी पन्नास मिनिटांत २३ वेळा सॉरी. चिकूने माझा टिश्यूचा डबा रिकामा केला, सॉरी. पाणी मागितलं, सॉरी. स्वतः रडली, त्याचंही सॉरी. मी म्हटलं, ताई, चिकूचं आपण बघू, पण हे सॉरी आधी बघायला लागेल. तर म्हणाली, सॉरी मॅडम.

आता त्या गॅलरीत नेमकं काय झालं ते जरा बघू, कारण बहुतेक आईबाप इथेच चुकतात, त्यांना तो हट्ट वाटतो, असतो तो मेल्टडाउन. हट्ट करणारं पोर एका डोळ्याने आपल्याकडे बघत असतं, आई विरघळतेय का, आजी मध्ये पडतेय का. मेल्टडाउनमध्ये कुणाकडेही लक्ष नसतं, तिथे डोक्यातला फ्यूज उडालेला असतो, कान डोळे त्वचा सगळीकडून एकदम इतकं आत येतं की झेपत नाही. आणि गॅलरी म्हणजे काय, गुळगुळीत फरशी, उंच छत, रिकाम्या भिंती, आवाज घुमायला अजून काय पाहिजे? वर चित्रांवर मारलेले फोकस, एसीची घरघर, अनोळखी माणसांचे अंगाला घासून जाणारे कपडे. त्यात चित्रं लावतात ती साधारणपणे मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर येईल अशी, आणि सात वर्षांच्या पोराची अख्खी उंचीच ४८ इंचांच्या आसपास. म्हणजे त्याला दिसते फ्रेमची खालची कड आणि काचेवरचा लाइटचा चमकारा. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचंही तेच.

आणि कंटाळणं, थकणं हे काय फक्त मुलांचं नसतं. बोस्टनच्या कला संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच 'म्युझियम फटीग'वर, म्हणजे म्युझियम बघताना येणाऱ्या थकव्यावर लेख लिहिला होता, त्यात एका माणसाचे फोटो आहेत, काचेच्या कपाटातलं नीट दिसावं म्हणून तो कसा वाकतो, कसा उकिडवा बसतो ते. धडधाकट माणूस हो! हे सांगितल्यावर ताई पहिल्यांदा हसल्या, म्हणाल्या, मग आमच्या सासूबाईंचं काय होईल, त्यांचे तर गुडघेच गेलेत.

सासूबाईंवर येते मी.

आधी माझी चूक सांगते, कारण ती झालीच. मी म्हटलं, एक छोटं कार्ड छापून घ्या, 'माझ्या मुलाला ऑटिझम आहे, कृपया समजून घ्या' असं, कुणी बोललं की द्यायचं. कितीतरी घरांना त्याचा उपयोग होतो, मी बघितलंय. ताईंनी कार्डाचा नमुना हातात घेतला, वाचला, आणि टेबलावर उलटा ठेवला. "हे पण सॉरीच झालं ना मॅडम, फक्त छापलेलं." मला बोलायला जागाच नव्हती.

मग मी त्यांना कायदा दाखवला. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरलीय, ऑटिझम त्यात आहे, आणि कलम २९ सांस्कृतिक जीवनाबद्दलच आहे, कला दिव्यांगांपर्यंत पोचेल अशी सोय करा असं त्यात सरकारला सांगितलंय. कलम दाखवून गार्डशी भांडायला जा असं मी म्हणत नव्हते, आपल्याकडे कलम काढलं की समोरचा साहेबांना बोलावतो आणि तेवढ्यात पोर बेजार होतं. पण ताईंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, म्हणजे आम्ही कुणाच्या उपकाराने नाही जाणार. त्या आठवड्यात रेघा १४ वर आल्या.

कार्डाच्या ऐवजी आम्ही एक वाक्य बसवलं. आत शिरतानाच, काही व्हायच्या आधी, गार्डला सांगायचं, "दादा, हा मध्येच जोरात टाळ्या वाजवतो, चित्राला हात नाही लावणार, मी एक हातावर आहे, दहा मिनिटांत आम्ही निघू." बास. यात माफी नाही, आजाराचं नाव नाही, गार्डच्या कामाचं तेवढं आहे. त्या माणसाला फक्त एकच धाकधूक असते, चित्राला काही झालं तर नोकरी जाईल. ती आधीच काढून टाकली की निम्मे गार्ड स्वतःच पंखा कुठे, बाकडं कुठे ते दाखवतात.

आता दहा मिनिटं. याच्यावर चिकूचे बाबा अडले. ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून सीएसएमटी, पुढे टॅक्सी, एवढं दोन तास जायचं आणि दहा मिनिटं बघायचं? मी म्हटलं, हो. कारण गेल्या वेळी त्याला बाहेर न्यायचं ठरलं ते गार्डने ठरवलं, या वेळी तुम्ही ठरवून बाहेर या, तो मजेत असतानाच. पोर थकल्यावर निघालं की त्याच्या लक्षात राहतं ते फक्त थकणं.

चिकूला हे कसं सांगायचं याचं उत्तर त्यानेच दिलं होतं पहिल्या दिवशी. अशा मुलांना आधी फोटो आणि साध्या वाक्यांतून कुठे जायचंय, काय होईल ते सांगतात, सोशल स्टोरी म्हणतात त्याला. आम्ही ती टाइमटेबलसारखी लिहिली. ऐरोली सुटणार ९.१२. ठाणे, गाडी बदला. सीएसएमटी. टॅक्सी. चित्रांचं घर, आगमन ११.१०, हॉल्ट १० मिनिटं, प्रस्थान ११.२०. खाली बारीक अक्षरात, गर्दी असल्यास गाडी गेटवरूनच परत फिरेल. हे शेवटचं ताईंनी घातलं, मी नाही. चिकूने कागद दहा वेळा वाचला आणि विचारलं, "फास्ट की स्लो?"

आता सासूबाई. मी सांगितलं होतं घरी प्रॅक्टिस करा, हॉलच्या भिंतीवर दोन-तीन चित्रं चिकटवा आणि लांबून बघायची सवय लावा. तर सासूबाईंनी काय केलं, भिंतीपासून दोन हातांवर रांगोळीची रेघ ओढली, अलीकडे प्लॅस्टिकची खुर्ची टाकली, हातात काठी, आणि स्वतः गार्ड! "रेघेच्या अलीकडून बघायचं बाळा, हात मागे." रोज दुपारी चार वाजता, चहाच्या आधी. चिकूला नियम आवडतात, रेघ तर फारच आवडली, प्लॅटफॉर्मवरच्या पिवळ्या पट्टीसारखी. चौथ्या दिवशी बाबा फोनवर बोलत रेघेच्या पलीकडे गेले तर चिकूनेच त्यांना मागे ओढलं.

सासूबाईंना म्हटलं, आजी, तुम्ही पण जा ना बरोबर. त्या एकदम गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला कोण सोडतंय आत? पास लागत असेल." अडुसष्ट वर्षांच्या बाई, ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात शिक्षिका होत्या, हा पट्टा आता पालघरमध्ये येतो, घराघरात कुडाच्या भिंतींवर वारल्यांचे चौक बघितलेल्या, आणि गॅलरी म्हणजे आपल्यासाठी नाही असं त्यांनी कधीच ठरवून टाकलेलं. इतके दिवस आम्ही चिकूची भीती चघळत होतो आणि घरात दुसरं माणूस त्याच्याही आधीपासून बाहेर उभं होतं, ते कुणाला दिसलंच नाही, मलाही नाही.

जहांगीर ठरलं, काळा घोड्याची आर्ट गॅलरी. १९५२ पासून आहे, तिकीट नाही, सकाळी अकराला उघडतं, आणि एकाच मोठ्या दालनात अडकायला होत नाही. आमच्या कॉलेजच्या दिवसांत आम्ही चित्रांपेक्षा तिथल्या समोवार कॅफेमध्ये जास्त बसायचो, ते २०१५ ला बंद झालं, असो. जवळच्या एनजीएमएत, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मी पहिल्याच वेळी पाठवलं नसतं, जागा सुंदर आहे, पण मजल्यामजल्याने वर चढत जायचं, आजींचे गुडघे पहिल्या वळणावरच बोलले असते. आणि काळा घोडा फेस्टिवलच्या नऊ दिवसांत तर त्या बाजूला फिरकू नका, पोर जाऊ दे, माझंच डोकं फिरतं तिथे. आधी फोन करून विचारायचं, पायऱ्या किती, रॅम्प आहे का, व्हीलचेअर मिळते का, टॉयलेट कुठल्या मजल्यावर, आज शाळेची सहल आहे का. लाजायचं नाही, हॉटेलचं टेबल बुक करताना विचारतोच ना आपण? सोमवार ते शुक्रवार, उघडल्या उघडल्या. आजींसाठी घडीचं स्टूल. चिकूसाठी कानावरचे मफ, पण ते गळ्यात, लागले तर. आणि बघायचं एकच चित्र, बाकीची भिंत म्हणून सोडून द्यायची.

बाबांनी रजा टाकली, हे मला अपेक्षित नव्हतं.

नंतर ताईंनी सांगितलं ते असं. गार्डला वाक्य सांगितलं, तो म्हणाला बरं. चिकू आत शिरला, फरशीवर रेघ शोधली, नव्हती, तर आजींनी काठी आडवी ठेवली. मोठं निळं काहीतरी होतं, ताईंना चित्रकाराचं नाव आठवत नाही. चिकू समोर उभा राहिला, मग खाली बसला, मग सरळ उताणा झोपला आणि तिथून बघायला लागला. ताईंच्या तोंडात सॉरी आलं होतं, गार्डकडे बघितलं तर तो दुसरीकडे बघत होता. आजी स्टुलावर, चिकू फरशीवर, दोघांची नजर जवळपास एका उंचीवर, आणि आजी म्हणाल्या, समुद्र आहे रे. चिकू म्हणाला, "नाही, कसारा घाट. रात्रीचा." टाळ्या वाजवल्या दोनदा. कुणीतरी वळून बघितलं आणि परत आपल्या चित्राकडे वळलं. ११.२० ला चिकूने स्वतःच जाहीर केलं, गाडी सुटतेय. आजींना अजून बसायचं होतं! बाबा थांबले त्यांच्याजवळ.

त्याला चित्रातलं काय कळतंय, याचं उत्तर मी त्या घराला कधीच दिलं नाही. रात्रीचा कसारा घाट हे उत्तर चित्रकारालाही चाललं असतं असं मला वाटतं, पण ते माझं मत.

हात लावायचा प्रश्न काही मुलांचा सुटत नाही, त्यांना रेघ नाही पुरत. त्यांना हात लावता येईल अशाच जागी आधी न्यावं. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ पासून 'अनुभव' नावाचं दालन आहे, दृष्टिहीनांसाठी प्रतिकृती ठेवल्यात, हातांनी बघायच्या. आपल्या महाराजांच्या वस्तुसंग्रहालयात, म्हणजे जुन्या प्रिन्स ऑफ वेल्समध्ये, २०१९ पासून मुलांचं वेगळं म्युझियम आहे. तेवढंही लांब वाटलं तर कापूरबावडीचं ठाणे कला भवन आहे, न जमल्यास वीस मिनिटांत घरी.

सेशन्स संपून वर्ष होत आलं होतं. मध्ये ते सगळे तीनदा जाऊन आले, एकदा बारा मिनिटं, एकदा पंचवीस. ताईंचं भावाशी बोलणं अजून जेवढ्यास तेवढंच आहे. मागच्या पावसाळ्यात एका बुधवारी दुपारी ताईंचा मेसेज आला.

"मॅडम आज गेटवरच मेगाब्लॉक. आत कुठल्यातरी शाळेची दोनशे पोरं. चिकूने कानावर हात ठेवले, आम्ही फिरलो. टॅक्सी, व्हीटी, ठाण्याला उतरून कुंजविहारचा वडापाव, घर. सासूबाई चिडल्यात, म्हणतायत पुढच्या बुधवारी माझी मी जाते."