हिरडीचा कॅन्सर रक्त तपासून कळतो का? बायोप्सी केलीच पाहिजे का?

रक्तावर नाही कळत. तुकडा काढून तपासावाच लागतो. तुम्ही लिहिलंय वडिलांच्या खालच्या हिरडीवर महिनाभर जखम आहे आणि काका बायोप्सी नको म्हणतायत, ते वाचून राहवलं नाही, कारण आमच्याकडेही असेच एक काका आहेत.

आई मशेरी लावायची. तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की अख्ख्या गल्लीला ठसका. 2016 ला खालची दाढ हलायला लागली, दातांच्या डॉक्टरने पायरिया म्हणून उपटली. आता दाढ काढल्यावर दोन-तीन आठवड्यांत हिरडी भरून येते ना, हिची भरेना, उलट त्या खड्ड्यातून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं लाल मांस वर आलं, बोट लागलं की रक्त. तरी दीड महिना जेल आणि बी कॉम्प्लेक्स. आई चहात भाकरी बुडवून खायची आणि म्हणायची उष्णता झालीय.

दुसऱ्या डॉक्टरने जबड्याखाली चाचपलं तर गाठ लागली, लगेच ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे काढला, बायोप्सी लिहून दिली. काका म्हणाले सुरी लागली की पसरतो. मग महिनाभर कुठल्यातरी वैदूचा लेप. शेवटी कोणाला न विचारता मीच घेऊन गेलो. जागा बधिर करून जखमेच्या कडेचा मसूरडाळीएवढा तुकडा काढला, आठवड्याने रिपोर्ट, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरच. पुढे सीटी. हाड नुसतं वरून खरवडलं असेल तर वेगळं, आत शिरला की सरळ चौथी स्टेज धरतात. आईचा आत शिरला होता, अर्धा जबडा गेला. आई आहे, पण भाकरी अजून कुस्करूनच लागते.

हां, प्रत्येक जखम कॅन्सर नसते, कवळी घासते, दाताची धार लागते. ते नीट करूनही दोन आठवड्यांत भरली नाही तर थांबू नका. रिपोर्ट निगेटिव्ह आला पण जखम तशीच असेल तर बायोप्सी पुन्हा करा. आणि स्लाईड (तुकड्याचे पातळ काप लावलेल्या काचा) आणि ब्लॉक (मेणात बसवलेला उरलेला तुकडा) मागून घ्या, टाटाला वगैरे गेलात तर तिथे पुन्हा बघतात. मी डॉक्टर नाही.

आमचे काका अजून लग्नाकार्यात सांगतात की पोरानं सुरी लावली म्हणून वहिनीचा जबडा गेला. बायोप्सीच्या महिनाभर आधीचा तो ओपीजी माझ्या कपाटात आहे, हाड उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं, खाली कोपऱ्यात तारीख छापलीय. दोनदा समोर धरला, दोन्ही वेळा म्हणाले चष्मा आणला नाही.