६४ प्रोसेस लावल्या तरी वेळ तेवढाच का?

प्रश्न असा होता: यकृतातल्या गाठीवर १ मेगाहर्ट्झचा केंद्रित अल्ट्रासाउंड सोडून ती तापवण्याचं सिम्युलेशन, १० सेंमीचा घन, ५१२ घन ग्रिड, प्रत्येक बाजूला २० बिंदूंचा शोषक थर (कडेवरून लाटा परतू नयेत म्हणून), स्यूडोस्पेक्ट्रल कोड, म्हणजे अवकाशातले डेरिव्हेटिव्ह एफएफटीने (जलद फूरिए रूपांतराने) काढणारा. १६ प्रोसेसना (एकाच वेळी काम वाटून चालणाऱ्या प्रतींना) लागतो तेवढाच वेळ ६४ प्रोसेसनासुद्धा लागतोय.

आधी ग्रिड बघा. ५१२ अधिक ४० म्हणजे ५५२, अर्थात ८×३×२३. तो २३ मोठा अविभाज्य अवयव, एफएफटीला नडतो. शिवाय ५५२ला ६४ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून वाटणी वाकडी होते आणि काही प्रोसेस नुसत्या थांबून राहतात. थर ३२ बिंदूंचा करा. ५७६ होतील, प्रत्येक प्रोसेसला ग्रिडची बरोबर ९ प्रतलं.

मग थ्रेड तपासा. ओपनएमपीची (एका प्रोसेसच्या आत काम थ्रेडमध्ये वाटणाऱ्या व्यवस्थेची) थ्रेडसंख्या ठरवून दिली नसेल तर प्रत्येक प्रोसेस नोडवरचे, म्हणजे क्लस्टरमधल्या त्या एका संगणकावरचे, सगळे कोअर आपलेच समजते. हे फार जणांचं होतं.

एवढं करूनही चौपट वेग मिळणार नाही. ऊतींमधलं शोषण धरलं तर प्रत्येक टाइमस्टेपला साधारण १४ त्रिमितीय एफएफटी, आणि दर वेळी सगळ्यांची सगळ्यांशी देवाणघेवाण. ६४वर संदेश १६ पट वाढतात, आकाराने तितकेच लहान होतात. नोड साध्या इथरनेटने जोडलेले असतील तर गाडी तिथेच अडते.

मुळात ५७६ घनाचा सिंगल प्रिसिजन (आकड्याला ४ बाइट) अ‍ॅरे पाऊण जीबीचा. असे वीस धरले तरी २४ जीबीच्या एका जीपीयूत मावतात. पुण्यात पाषाणला आयसरमधल्या परम ब्रह्मा या महासंगणकाच्या रांगेत यासाठी उभं राहू नका.

रांग लावायची ती बारीक ग्रिडसाठी. तुमचं अंतर ०.१९५ मिमी, म्हणजे ३.९ मेगाहर्ट्झच्या वरचं काही दिसतच नाही. तिसऱ्या हार्मोनिकच्या (मूळ वारंवारतेच्या तिपटीच्या) वर कात्री. तीव्रता जास्त असेल तर केंद्राशी लाटेचा चढ तीव्र होत जातो आणि वरचे हार्मोनिक तयार होतात, ते ऊती जास्त शोषते, आणि ते ग्रिडवर दिसत नसल्याने तुमची उष्णता कमी येते. अंतर निम्मं केलं की मेमरी ८ पट, काम १६ पट.

दाबाचं अख्खं क्षेत्र दर स्टेपला लिहू नका, ५००० स्टेपचे तीन-चार टीबी होतील. केंद्राभोवतीचे शेवटचे काही आवर्त पुरेत. त्यावरून उष्णता काढून पेन्स समीकरण (ऊतींमधलं तापमान काढणारं) वेगळं चालवा. तिथे स्टेप नॅनोसेकंदांची नको, ०.०५ सेकंद चालते. ऊती मरायला लागणारा ४३ अंशांना २४० मिनिटांचा उष्णतेचा डोस ५६ अंशांना पावणेदोन सेकंदांत भरतो, कारण दर अंशाला लागणारा वेळ निम्मा होतो. त्यामुळे तापमानात एका अंशाची चूक झाली की डोस दुप्पट किंवा निम्मा.