हूक, पट्टी आणि चित्रवही : वाचकांचे प्रश्न

रग हूकिंगच्या, म्हणजे ताणलेल्या कापडातून हुकाने पट्ट्यांचे लूप वर ओढून गालिचा किंवा चित्र भरण्याच्या, व्हिडिओंत 'मंक्स क्लॉथ', लोकरीच्या पट्ट्या आणि खास हूक लागतो असं सांगतात. इथे त्याऐवजी काय वापरावं? घरात जुन्या शाली पुष्कळ आहेत.
— एक वाचक, सांगली

मंक्स क्लॉथमध्ये दोन-दोन धागे जोडीने विणलेले असतात. आपल्याकडे त्याच्या जवळचं कापड म्हणजे भरतकामाच्या दुकानातली जाड मॅटी. घेताना हूक दोन धाग्यांच्या मधून शिरतो की धागा फोडून, एवढंच पाहा. बारीक भोकांची मॅटी क्रॉस-स्टिचला छान, इथे निरुपयोगी. दुसरा पर्याय तरट. मीटरवर मिळणारं नवं, इंचाला १० ते १२ धाग्यांचं घ्या. धान्याचं पोतं फुकट मिळेल, पण त्याची वीण कुठे दाट, कुठे विरळ असते आणि विरळ जागी लूप निसटतो. या कामात कुठेही गाठ मारत नाहीत. पट्टीला धरून ठेवते ती फक्त कापडाची वीण.

चित्र १० बाय १२ इंचांचं असेल तर चारही बाजूंना ४ इंच सोडून १८ बाय २० इंचांचं कापड कापा आणि आधी कडांना झिगझॅग टीप मारा. ताणायला १४ इंची क्विल्टिंगची रिंग किंवा चित्रकाराच्या कॅनव्हासची रिकामी लाकडी चौकट चालते. चौकटीवर कापड ड्रॉइंग पिनांनी बसवा. हूकऐवजी साडेतीन ते चार मिलिमीटरची धातूची क्रोशाची सुई घ्या. तिची बारीक दांडी धरून बोटं दुखतात, म्हणून ती कानशीच्या लाकडी मुठीत बसवा.

शालींची मात्र परीक्षा घ्या. 'वुलन' म्हणून घेतलेल्या पुष्कळ शाली ॲक्रिलिकच्या निघतात. एक धागा चिमट्यात धरून मोरीत जाळा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते; ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला कडक मणी उरतो. लोकरीची शाल गरम पाण्यात साबण घालून चांगली चोळा. ती आटून घट्ट झाली की कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत. ॲक्रिलिक असं आटत नाही, त्याच्या पट्ट्या उसवत राहतात. त्यापेक्षा होजिअरीचा टी-शर्ट कधीही बरा: आडवी, १० ते १२ मिलिमीटरची पट्टी कापून ओढली की ती आपोआप गोल वळते. लोकरीची पट्टी ६ मिलिमीटर पुरे. लाल, काळा आणि गडद निळा रंग आधी पांढऱ्या चिंधीबरोबर गरम पाण्यात बुडवून पाहा. चिंधी रंगली तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा.

कापड किती लागेल? चित्राच्या क्षेत्रफळाच्या चार ते पाच पट. १० बाय १२ इंच म्हणजे १२० चौरस इंच, तेव्हा सगळे रंग मिळून ४८० ते ६०० चौरस इंच. आभाळ, भिंत असे मोठे भाग ज्या रंगाचे आहेत तो आधी मोजून बाजूला काढा. जुन्या कपड्याचा रंग अर्ध्यावर संपला तर दुसरा तसाच मिळत नाही.

पुढचा लूप ओढला की मागचा खाली जातो. शिवाय काम रिंगमधून काढलं की कडा वर वळतात. काय चुकतंय?
— एक वाचक, नागपूर

लूप खाली जातो याचं कारण बहुतेक हूकची दिशा. तुम्ही हूक सरळ पुढे ओढत असाल, म्हणून पट्टी मागच्या लूपमधून खेचली जाते. लूप वर आला की हूक मागच्या लूपकडे किंचित कलता करा. खालचा हात पट्टी चिमटीत धरून हुकाला खाली भेटला पाहिजे. पट्टी नुसती लोंबत असली तर उंची सारखी येणारच नाही. लोकरीच्या ६ मिलिमीटर पट्टीला लूपची उंचीही साधारण ६ मिलिमीटर ठेवा. पट्टीचं सुरुवातीचं आणि शेवटचं टोक वर काढून लूपच्या उंचीला कापा. मागे टोक लोंबत ठेवू नका, आणि मागून एका रांगेवरून दुसरीकडे उडीही मारू नका. तिथे फुगवटा येतो आणि पायाखाली तोच भाग आधी झिजतो.

कडा वळतात त्या दाटीमुळे. प्रत्येक भोकातून लूप काढलात की कापडाला पसरायला जागा उरत नाही. १२ धाग्यांच्या तरटावर ६ मिलिमीटरची पट्टी असेल तर दर तिसऱ्या भोकातून लूप काढा, इंचाला साधारण चार. रांगाही तितक्याच अंतरावर. मागच्या बाजूने अधूनमधून कोरं तरट दिसलं तर ते योग्यच आहे, पुढून दिसता कामा नये. झालेलं काम उलटं ठेवून वर ओला कपडा टाकून इस्त्री दाबा, घासू नका. थोडा वळ त्याने जातो. फार दाट झालं असेल तर मधली एकेक रांग उसवा. लूप ओढला की पट्टी सरळ निघून येते.

मेणवलीच्या घाटाचं पेन आणि जलरंगाचं स्केच हूक करायचं आहे. कागदावर छान दिसतं, पण तरटावर काढलं तर गिचमिड वाटते.
— एक वाचक, वाई

पेनाची रेघ ०.३ मिलिमीटरची, तुमची पट्टी ६ मिलिमीटरची. गिचमिड होते ती इथेच. चित्र पूर्ण आकारात साध्या कागदावर पुन्हा काढा, पण या वेळी ५-६ मिलिमीटर रुंद टोकाच्या मार्करने. पेन्सिल नको, खोडणं नको. त्या जाड रेघेत घाट ओळखू आला तर तो हूक होईल. नाही आला तर रंगांनी वाचणार नाही.

आता पायऱ्या मोजू. चित्राची उंची १० इंच आणि त्यातले ४ इंच पायऱ्यांचे धरले, तर इंचाला चार रांगांप्रमाणे १६ रांगा बसतात. एक पायरी दिसायला उन्हातल्या सपाट भागाची एक फिकट रांग आणि उभ्या भागाची एक गडद रांग लागते, म्हणजे आठ पायऱ्या. कृष्णेकाठी प्रत्यक्षात कितीही असोत, तुमच्या चित्रात आठच. देवळांचं कोरीव काम, कठड्याचे दगड, माणसांचे चेहरे सोडून द्या. कमानीचा काळोख आणि पाण्यातलं प्रतिबिंब मात्र मोठं करा, हूकिंगला असे सलग आकार मानवतात.

रंग ठरवताना फिकट, मधला आणि गडद असे पट्ट्यांचे तीन ढीग करा आणि मोबाइलवर त्यांचा कृष्णधवल फोटो घ्या. दोन ढीग सारखेच करडे दिसले तर पायऱ्या एकमेकींत मिसळतील, मग एक रंग निळसर आणि दुसरा तपकिरी का असेना.

चित्र तरटावर उतरवायला मच्छरदाणीच्या नायलॉन जाळीचा तुकडा घ्या. जाळीवर चित्र मार्करने गिरवा, जाळी कापडावर टाचून त्याच रेघा पुन्हा गिरवा. शाई भोकांतून खाली उतरते. त्याआधी चित्राची चौकट आखा, आणि ती मोजपट्टीने आखू नका. पेन्सिलचं टोक दोन धाग्यांमधल्या खाचेत ठेवून ओढत न्या, रेघ धाग्याबरोबर सरळ जाते. घाटाच्या चित्रात आडव्या रांगा धाग्याशी तिरक्या गेल्या तर सगळा घाट नदीत घसरल्यासारखा दिसेल. भरताना आधी आकाराच्या रेघेच्या आतून एक रांग घ्या, रेघेवरून नको, कारण लूप फुगतात आणि आकार वाढतो.

मी हॅलिफॅक्सला राहते. जुन्या बाजारात अस्वलाचं चित्र असलेला एक हूक केलेला छोटा गालिचा घेतला. विकणारा 'ग्रेनफेल' म्हणत होता. ओळखायचं कसं, आणि धुवायचा कसा?
— एक वाचक, कॅनडा

धुवायचा नाही. आधी मागची बाजू पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिकडच्या किनारपट्टीवर या कामाला तरट वापरत आले. त्यासाठीचा ज्यूट बंगालमधून निघे आणि बराचसा स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गिरण्यांत विणला जाई. ज्यूटमध्ये लिग्निन (लाकडात असतो तो घटक) भरपूर असतं, त्यामुळे वय झालं की तो तपकिरी आणि ठिसूळ होतो. ओला होऊन लोकरीचं वजन त्यावर आलं की धागे तुटतात.

ग्रेनफेल म्हणजे डॉ. विल्फ्रेड ग्रेनफेल यांच्या न्यूफाउंडलंड-लॅब्राडोरमधल्या वैद्यकीय मिशनचा हस्तोद्योग. किनाऱ्यावरच्या बायका घरी हूक करत आणि मोबदला मिशन देई. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत अमेरिका-कॅनडातून जुने रेशमी मोजे मागवून, रंगवून, त्यांच्या पट्ट्या वापरल्या गेल्या. खूण अशी: लूप अतिशय बारीक, जवळजवळ प्रत्येक भोकातून काढलेले आणि रांगा सरळ आडव्या. अस्वल, कुत्र्यांची घसरगाडी, पफिन पक्षी, जहाज हे नेहमीचे विषय. मागे शिवलेली कापडी चिठ्ठी असली तर उत्तम, पण ती पुष्कळदा गळून गेलेली असते. लोकरीच्या सुताचं, रांगा आकाराभोवती वळलेल्या, असं काम असेल तर ते ग्रेनफेल असण्याची शक्यता कमी. केप ब्रेटन बेटावरच्या शेटिकॅम्प गावालाही हूकिंगची मोठी परंपरा आहे, ती तिथे लोकरीच्या सुतात चालते.

साफ करताना व्हॅक्यूमच्या नळीवर जाळी बांधून, फिरता ब्रश बंद ठेवून, हलक्या हाताने धूळ ओढा. झटकू नका, आपटू नका. गुंडाळताना चित्राची बाजू बाहेर ठेवा आणि घडी कधीच घालू नका. मागून रबराचं लॅटेक्स लावण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ते कालांतराने तडकतं आणि काढताही येत नाही.

हूक केलेला ८ बाय ८ इंचांचा तुकडा स्केचिंगच्या पिशवीवर लावताना मशीनची सुई तुटली. ए-४ वही मावेल असं मापही सांगा.
— एक वाचक, मडगाव

तुकडा मशीनवर लावूच नका. लूप जिथे संपतात तिथून दीड इंच कोरं कापड ठेवून बाकी कापा, ते मागे दुमडून हाताने बसवा आणि मग तुकडा पिशवीच्या कापडावर दुहेरी धाग्याने, कडेच्या लूपच्या खालून, टाके लपवत शिवा. हे पिशवी जोडण्याआधी करा. पिशवी सतत दुमडते, त्यामुळे तिच्यासाठी तरटापेक्षा मॅटीवर काम केलेलं बरं.

जाड सुती कॅनव्हास आधी धुवून आटवा. रुंदी १६, उंची १५ इंच असे दोन तुकडे कापा. खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून २ इंचांचे चौकोन काढा; सगळीकडे अर्धा इंच शिलाई धरून कोपरे जोडले की तळ ४ इंच खोल होतो. तयार पिशवी तळाशी ११ इंच रुंद आणि १२ इंच उंच येते. ए-४ची लांबी पावणेबारा इंचांहून थोडी कमी, म्हणून वहीची पुठ्ठ्याची बांधणी मोठी असेल तर कापडाची उंची एक इंच वाढवा. हूकचा तुकडा कापलेल्या खालच्या कडेपासून साडेचार इंचांवर ठेवा. तळात अडीच इंच जातात आणि चित्राखाली दोन इंच मोकळे राहतात. खाली ठेवलात तर चित्र तळाखाली जाईल.

सुई १६ नंबरची, टीप ३ मिलिमीटरची. बंदांचं वजन कॅनव्हासवर यावं: बंद जिथे बसतो तिथे आतून ३ इंची कॅनव्हासचा तुकडा ठेवून चौकोन आणि त्यात फुली अशी टीप मारा. अस्तराचे तुकडे रुंदीला आणि उंचीला पाव इंच कमी कापा, नाहीतर आत चुण्या पडून पेन्सिली त्यात अडकतात. उलटवण्यासाठी अस्तराच्या तळाशी ६ इंच उघडं सोडायला विसरू नका. पेनासाठी सव्वा इंच रुंदीचे कप्पे, रंगाच्या डबीचा कप्पा वेगळा आणि पाण्याची बाटली शक्यतो दुसऱ्या पिशवीत.

जलरंग लावला की पेनाची रेघ का पसरते?
— एक वाचक, ठाणे

शाई डायची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची आहे. पिगमेंट (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या) शाईचं ०.३चं पेन घ्या आणि रेघ पूर्ण वाळू द्या. कोकणात पावसाळ्यात याला अंमळ वेळ लागतो. शेलॅक (लाख) असलेली ड्रॉइंगची शाई फाउंटन पेनात भरू नका, आत सुकून पेन कायमचं बंद पडतं. नवा हातकागद घेतलात तर कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा. तो लगेच शोषला गेला तर कागदाला सायझिंग (पाणी लगेच शोषू न देणारी खळ) कमी आहे आणि त्यावर कुठलीही शाई पसरेल.