‘च’ कुठे आहे?

प्रश्न : बाई, मी दहावीत आहे. कविता मला आवडतात, पण रसग्रहण लिहायला बसले की ‘कवीने समर्पक शब्दांत’, ‘मनाला भिडणारी’ असलंच काहीतरी हातून उतरतं. त्याला गुणही मिळतात, म्हणून जास्तच ओशाळायला होतं.

शाळेच्या नाटकात मात्र वेगळंच झालं. मला दोनच वाक्यं होती. पहिल्या प्रवेशात ‘दार उघडलं’ आणि शेवटच्या प्रवेशात ‘मीच दार उघडलं’. तालमीत मी सगळा जोर ‘दार’वर द्यायचे. नाटक बसवणाऱ्या सरांनी थांबवून विचारलं, ‘च कुठे आहे?’ मग ‘मी दारच उघडलं’, ‘मी दार उघडलंच’ असंही म्हणायला लावलं. तीन वेगळ्या मुली बोलताहेत असं वाटलं. एक कबुली देणारी, एक हुज्जत घालणारी, एक कुणालाच न जुमानणारी. हाच ‘च’ मी शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणून एका गुणासाठी पाठ केला होता! मग वर्गात हे का कळत नाही? आणि मला साहित्य आवडतं, की नुसतं नाटक?

उत्तर : अगं, सरांनी तुला व्याकरणाचाच प्रश्न विचारला होता. फक्त ते वाक्य कोण, कुणाला आणि का म्हणतंय हे तुला ठाऊक होतं. व्याकरणाच्या तासाला आम्ही ते सांगत नाही. चूक आमची आहे.

आता तुझ्या पहिल्या वाक्याकडे बघ. ‘दार उघडलं’ यात दार हाच कर्ता. कर्तरी प्रयोग. जणू ते आपलं आपणच उघडलं, कुणाचा हात लागलाच नाही. ‘मीच दार उघडलं’ म्हटलंस की तेच दार कर्म होतं आणि प्रयोग कर्मणी. क्रियापदाचं रूप काडीभरही बदललेलं नाही! पहिल्या प्रवेशात ती मुलगी ज्या व्याकरणामागे लपली होती, त्यातूनच शेवटी बाहेर येते. नाटक लिहिणाऱ्याने हे ठरवून केलं की कसं, कोण जाणे. पण तुला ते बोलताना जाणवलं असणार.

पाठांतराला मात्र नावं ठेवू नकोस. ती दोन वाक्यंही तू पाठच केली होतीस ना?

आणि रसग्रहणातला ‘रस’ आला कुठून? भरताच्या नाट्यशास्त्रातून, म्हणजे रंगभूमीवरूनच. तिथे रस आठच आहेत. तू पाठ केलेला नववा, शांत, नंतर जोडला गेला. रसाचा हा विचार कवितेच्या चर्चेत नंतर आला. तेव्हा साहित्य की नाटक हे भांडण तूर्त बाजूला ठेव.

पुढची कविता आधी मोठ्याने वाच. बोलणारा कोण, समोर कुणी आहे की स्वगत चाललंय, ते ठरव. वृत्त असेल तर ते कानाने धर. भुजंगप्रयातातले चार ‘य’ गण, प्रत्येकी लघु-गुरु-गुरु, बोटांवर मोजण्याआधी जिभेवर येऊ देत. जिथे आवाज अडखळेल, तिथून लिहायला लाग. सगळ्याच कविता अशा उलगडत नाहीत. काही गप्पच बसतात. तेही लिही.

लिहिलेलं मला पाठव, फसलं असलं तरी. ‘समर्पक’ हा शब्द तेवढा नको.